ओकचं बोन्साय: कुंडी बदलली की दरवेळी तीच फांदी का वाळते?

इंग्लंडमधल्या लेस्टरजवळ आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक इंग्लिश ओक आहे. उंची ५५ सेंटिमीटर, बुंधा माझ्या मनगटाहून जाड. तो कुणी लावलेला नव्हता. इथला 'जे' नावाचा निळ्या पंखांचा पक्षी शरद ऋतूत ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, जमिनीत पुरून ठेवतो आणि सगळी काही परत उकरत नाही. अशाच एका विसरलेल्या एकॉर्नमधून शेजारच्या आजोबांच्या कुंपणाला लागून हा उगवला. २०१४ च्या मार्चमध्ये त्यांनी कुंपण नवं घालायला काढलं. झाड तोडायचंच होतं, ते त्यांनी मला खणून नेऊ दिलं. (ब्रिटनमध्ये जागामालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानरोप मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. फिरायला गेल्यावर हात शिवशिवले तरी आवरा.)

आता अडचण सांगतो. २०१७ मध्ये कुंडी बदलली, डावीकडची खालची फांदी अर्धी वाळली. २०२० मध्ये बदलली, पुन्हा तीच फांदी. बाकी झाडाला पालवी फुटायची, पण पानं लहान आणि फिकट. उन्हाळ्यात दुसरी पालवी आली की तिच्यावर भुरी, पांढऱ्या पिठासारखी. पुढची दोन वर्षं सावरण्यात जायची आणि झाड जरा रंगात आलं की पुन्हा कुंडी बदलायची वेळ. तुमच्याकडे ओक असेल आणि हे ओळखीचं वाटत असेल, तर पुढचं सावकाश वाचा. यात माझी जवळजवळ सहा वर्षं गेली आणि ती वाचवता आली असती.

दोन्ही वेळा माझ्याकडे कारणं तयार होती. २०१७ मध्ये कुंडी बदलून झाल्यावर जूनमध्ये मी झाडाची सगळी पानं काढली होती. हा हात वडावर बसलेला. पुण्यात वडिलांच्या गच्चीवर वड, पिंपळ, उंबर होते. मृगाचा पाऊस पडायच्या आत ते कुंडी बदलायचे, मुळं निम्म्यावर आणायचे, पानं उतरवायचे, सगळं एका दुपारी. दोन आठवड्यांत झाड हिरवंगार. वडाला ते झेपतं. ऊब आणि दमट हवा मिळाली की तो कुठूनही मूळ काढतो. ओकचं तसं नाही. म्हणून २०२० मध्ये मी पानांना हात लावला नाही. पण त्या वर्षी लॉकडाऊनमुळे कुंडी उशिरा पोचली आणि मी मेमध्ये, पानं उघडल्यावर, मुळं छाटली. फांदी वाळली तेव्हा म्हटलं, वेळ चुकली.

दोन्ही चुका खऱ्याच होत्या, पण मूळ दुखणं वेगळं होतं. ते कळलं २०२२ च्या जुलैमध्ये. १९ जुलैला लिंकनशरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं, ब्रिटनमधलं आजवरचं सर्वाधिक. आमच्याकडेही अंगण तापलेलं होतं. मी दिवसातून दोनदा पाणी घालत होतो आणि दरवेळी कुंडीच्या खालच्या भोकांतून ते भरभरून वाहत होतं. तरी आठवड्याभरात डाव्या खालच्या फांदीची पानं कडेपासून करपत गेली. उजवी बाजू ठणठणीत. त्या वर्षी मी कुंडी बदललीच नव्हती! मग एकच फांदी का?

बांबूची काडी घेतली आणि बुंध्याच्या डाव्या अंगाला तिरकी खुपसली. दोन सेंटिमीटर गेली आणि अडली. जोर केला तर काडी मोडली. शेवटी बारीक स्क्रू ड्रायव्हर घातला, तो विटेत घुसावा तसा करकरत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकाला कोरडी राखाडी भुकटी होती. अर्ध्या तासापूर्वी त्याच कुंडीला मी पाणी घातलं होतं.

आतला गोळा

आमच्या भागातली जमीन चिकणमातीची. २०१४ मध्ये झाड काढताना मुळांभोवतीचा मातीचा गोळा मी मुद्दाम राखला, मुळं दुखावू नयेत म्हणून. पहिल्या वर्षी ते बरोबरच होतं. पण पुढे दोन्ही वेळा कुंडी बदलताना मी काय केलं? गोळ्याला हात न लावता त्याच्या बाहेर दाणेदार मिश्रणात वाढलेली मुळं गोल छाटली आणि नवं मिश्रण भरलं. बोन्सायच्या पुस्तकांत एक तृतीयांश मुळं छाटा असं असतं, मी मोजून तेवढीच छाटली. फक्त तो तिसरा हिस्सा म्हणजे झाडाची सगळी कामाची मुळं होती. दर तीन वर्षांनी मी चांगली मुळं कापत होतो आणि वाईट माती जपत होतो.

पाणी नेहमी सोपी वाट धरतं. बाहेरच्या दाण्यांतून ते सरळ खाली उतरतं आणि भोकांतून निघून जातं, आपल्याला वाटतं झाड न्हालं. मधल्या चिकणमातीपर्यंत ते उन्हाळ्यात पोचत नाही. एकदा ती कडक वाळली की पाणी वरून ओघळतं. हिवाळ्यात उलट. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ गळतच असतं. मग तोच गोळा पाणी पिऊन बसतो, सोडत नाही, आतल्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात.

आता एकच फांदी का, ते बघू. ओकच्या लाकडात पाणी चढवणाऱ्या नळ्या रुंद असतात आणि बऱ्याच अंशी सरळ वर जातात, या बाजूचं पाणी त्या बाजूला फारसं जात नाही. त्यामुळे ज्या बाजूची मुळं मेली त्याच बाजूच्या फांदीचं पाणी तुटतं. वडात एका बाजूची उणीव दुसरी बाजू भरून काढते असा माझा गच्चीवरचा अनुभव, ओक मात्र हिशेब चुकता करतो. म्हणून पुन्हा पुन्हा एकच फांदी वाळत असेल तर फांदीकडे बघत बसू नका, तिच्या बरोबर खाली काडी खुपसा. ही तपासणी मी आता दर जुलैत आणि दर जानेवारीत करतो, बुंध्याभोवती चार ठिकाणी. काडी दहा मिनिटं आत ठेवून काढायची. चारही काड्या सारख्या ओल्या असतील तर ठीक. एक कोरडी किंवा एक चिकचिकीत, वास मारणारी निघाली की दुखणं तिथे.

महाराष्ट्रात जमिनीतून काढलेली चिंच, वड, बोर बाळगणाऱ्यांनाही हे लागू आहे. काळ्या मातीचा गोळा तर आणखी वाईट, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की तडकते, आणि तडकताना बारीक मुळं तोडते.

अर्धी बाजू यंदा, अर्धी पुढे

उपाय सांगण्यापूर्वी वेळेबद्दल. ओकच्या त्या रुंद नळ्या हिवाळ्यातल्या गोठण्याने हवेचे बुडबुडे धरून निकामी होतात. दर वसंतात, पानं पसरण्याच्या सुमाराला, झाडाला लाकडाचं नवं वलय घालून नव्या नळ्या कराव्या लागतात. म्हणूनच ओक उशिरा जागा होतो. त्याची साठवलेली शिदोरी त्या काळात खर्ची पडते. त्या कामाच्या ऐन मध्यात मुळं कापली तर काय होतं ते मी २०२० मध्ये पाहिलं. मुळांना हात लावायची वेळ म्हणजे फांद्यांवरचे डोळे (पालवीच्या मिटलेल्या कळ्या) फुगलेले, त्यांच्या तपकिरी खवल्यांमध्ये फिकट रेषा दिसू लागलेल्या, पण हिरवं टोक अजून बाहेर नाही. आमच्याकडे हे मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कधीतरी येतं. तारीख धरून बसू नका, रोज सकाळी डोळे बघा. हिरवं दिसलं असेल तर या वर्षी राहू द्या. एक वर्ष थांबल्याने ओक मरत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये झाड कुंडीतून उचललं. उजवीकडे सुरेख चित्र: तांबूस मुळं, पांढरी टोकं, आणि मुळांवर पसरलेलं पांढरं कापसासारखं जाळं, हुंगलं तर ओल्या रानातल्या अळंबीचा वास. ही बुरशी रोगाची नाही. ओकच्या मुळांशी तिचं साटंलोटं असतं, ती पाणी आणि क्षार आणून देते, झाड तिला साखर देतं. ती धुऊन काढू नका. डावीकडे मोसंब्याएवढा निळसर राखाडी गोळा, सांडपाण्यासारखा वास. त्यातली मुळं काळी. चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघून यायची आणि हातात नुसता दोरा राहायचा. मेलेलं मूळ ओळखायची हीच खूण.

मग मी फक्त डावी बाजू साफ केली. बांबूच्या काडीने गोळा टोकून टोकून, मधून नळीचं मंद पाणी सोडून, बुंध्याच्या पोटापर्यंत. दोन तास लागले. काळी मुळं जिवंत भाग लागेपर्यंत मागे छाटली. कापल्यावर आत मलईचा रंग दिसला पाहिजे. बुंध्याखाली सरळ गेलेला सोटमुळाचा जुना खुंट होता, तोही आणखी आखूड केला, कारण तो राहिला तर झाड कुंडीत कधीच नीट बसत नाही. उजव्या बाजूला मात्र, मूठभर माती घेण्यापलीकडे, बोट लावलं नाही, तिथली माती, बुरशी, मुळं सगळं होतं तसं. सगळी चिकणमाती एकाच दिवशी काढायचा मोह मलाही झाला होता. काहींचा ओक त्यातून तरतोही, पण ज्या झाडाची एक बाजू आधीच अधू आहे त्याचा दुसरा पायही काढून घेणं मला धोक्याचं वाटलं. उजवी बाजू २०२५ च्या एप्रिलमध्ये केली, डावीकडे नवी मुळं भरलेली पाहिल्यावरच.

मिश्रण म्हणून अकादामा, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड) आणि लाव्हाचे खडे समभाग घेतात. अकादामा म्हणजे जपानहून येणारी भाजल्यासारखी दिसणारी दाणेदार माती. इथल्या ओल्या, गोठत्या हिवाळ्यात तिचे दाणे काही वर्षांत फुटून पुन्हा चिखल होतो, म्हणून मी ती कमी करून प्युमिस निम्मं घेतो. दाणे २ ते ६ मिलिमीटरचे, आणि भुकटी चाळून टाकलेली. चाळणीचा कंटाळा करू नका. त्या भुकटीनेच भोकांजवळ नवा गाळ बसतो. उजव्या बाजूची बुरशीची मूठभर जुनी माती मी डाव्या बाजूच्या नव्या मिश्रणात मिसळली.

तळाला खडे किंवा खापऱ्यांचा थर देऊ नका. वडील द्यायचे, मीही वर्षानुवर्षं दिला. स्वयंपाकघरातला ओला स्पंज घेऊन बघा. आडवा धरा, थेंब गळायचे थांबले की उभा करा: आणखी पाणी गळेल. मिश्रणाच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि त्याची जाडी दाण्यांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे उथळ कुंडीत मुळं त्या थराच्या जास्त जवळ असतात, आणि खड्यांचा थर दिला की ते पाणी आणखी वर चढतं. आजारी ओक म्हणूनच देखण्या उथळ ताटलीत ठेवायचा नाही. मी ११ सेंटिमीटर खोल साध्या कुंडीत ठेवला आणि चार वर्षं तरी तिथेच राहणार आहे. भोकांवर फक्त जाळी.

झाड तारेने कुंडीला घट्ट बांधा. बुंधा धरून हलवला की कुंडी हलली पाहिजे, झाड नाही. इथे एप्रिलात वारा सुटतो आणि डुलणाऱ्या झाडाची केसासारखी नवी मुळं रोज तुटतात. बांधून झाल्यावर काडीने मिश्रण बुंध्याच्या पोटाखाली सारत राहा, पोकळी राहिली की तिथे मूळ वाढणार नाही. मग खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी.

पुढच्या काही महिन्यांत काय दिसेल

कापलेल्या मुळांना गोठवणारी थंडी सोसत नाही, म्हणून रात्री शून्याखाली जाणार असेल तर झाड बिनगरम शेडमध्ये. घरात आणू नका. खत पहिली पालवी कडक होईपर्यंत नाही, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे. छाटणी त्या पूर्ण वर्षात नाही, फांद्यांना वळण देणारी तार नाही, पानं काढणं नाही. पानंच मुळं घडवतात. हे एवढं पाळणं मला सगळ्यात जड गेलं, कारण जूनमध्ये लांबलचक फुटवे दिसतात आणि हात कात्रीकडे जातो.

हिवाळ्यात फांद्यांना तपकिरी पानं तशीच लटकलेली दिसली तर घाबरू नका. कोवळ्या ओकची ती रीतच आहे, वसंतात नवे डोळे त्यांना ढकलून पाडतात. फांदी जिवंत आहे का हे बघायचं असेल तर नखाने साल किंचित खरवडा, खाली हिरवं असेल तर थांबा. २०२३ मध्ये माझी डावी फांदी उजवीपेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशिरा फुटली आणि त्या तीन आठवड्यांत मी ती चार ठिकाणी खरवडली. एक जागा पुरे होती.

भुरीचं वेगळं. नाशिककडच्या द्राक्षबागाईतदारांना भुरी म्हटलं की काळजात धस्स होतं. ओकची भुरी तिच्या जातकुळीतली, पण बुरशी निराळी. युरोपात ती पहिल्यांदा १९०७ मध्ये फ्रान्समध्ये नोंदली गेली आणि पाहता पाहता सगळीकडे पसरली. ओकला जुलैअखेर-ऑगस्टमध्ये दुसरी पालवी येते. इथे १ ऑगस्टच्या लॅमस सणावरून तिला लॅमस फुटवा म्हणतात. तो कोवळा असतो आणि भुरी नेमकी त्यावर बसते. निरोगी झाडाला तिचं फारसं काही वाटत नाही, मुळं गमावलेल्या झाडाला मात्र ती भरीत भर. मी पांढरे पडलेले शेंडे काढून घरच्या कचऱ्यात टाकतो, झाड वारं खेळेल अशा जागी ठेवतो, पाणी सकाळी आणि मुळाशी. नायट्रोजनवालं खत जुलैत बंद. मुळं सुधारल्यापासून भुरी येते, पण पाच-सात पानांपुरती.

पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं असेल तर ते मुळांचं नसून बहुधा नळाच्या जड पाण्याचं असतं. पावसाचं पाणी पिंपात धरा.

फांदी परत कशी घडवायची

वाळलेल्या फांदीचं जिवंत टोक कुठे संपतं ते नक्की कळल्याशिवाय कापू नका. कापलंत तरी एक-दोन सेंटिमीटरचा खुंट ठेवा. ओक कापलेल्या जागेपासून मागच्या डोळ्यापर्यंत सुकत येतो, डोळ्याला चिकटून कापलं तर डोळाच जातो. खुंट पुढच्या वर्षी काढायचा. मोठ्या जखमा ओक फार हळू भरतो. त्या लपवण्यापेक्षा पोकळ करून ठेवल्या तर जातीला शोभतात. लिंकनशरमधला बोथॉर्प ओक बघा. खोडाचा घेर १२ मीटरांहून जास्त, आतून पूर्ण पोकळ, आणि तरी दर वर्षी पालवतो. मी झाडाचा आकार ठरवताना जपानी देवदाराची चित्रं नाही, इथल्या शेतांच्या बांधावरचे ओक डोळ्यांपुढे ठेवतो: आखूड बुंधा, हातभर पसरलेल्या जड फांद्या, शेंडा गोल.

ओकचा सगळा जोर टोकाकडे, आणि डोळेही टोकाला झुबक्याने. त्यामुळे अशक्त खालची फांदी सुधारायची तर वरच्या सशक्त फांद्यांना आवर घालावा लागतो, तोही कुंडी बदललेल्या वर्षी नाही, पुढच्या. २०२४ च्या जूनमध्ये पहिली पालवी कडक झाल्यावर मी शेंड्याकडचे फुटवे दोन पानांवर आणले आणि उजव्या फांद्यांची मोठी पानं निम्मी कापली. डाव्या फांदीला कात्री लावली नाही, टोकाचा डोळा तसाच वाढू दिला. २०२५ मध्ये उजवी बाजू साफ केली म्हणून पुन्हा सगळं बंद. त्या ऑगस्टमध्ये डाव्या फांदीला लॅमस फुटवा आला, सात सेंटिमीटर, आणि जुन्या लाकडावर बुंध्याजवळ दोन नवे डोळे. २०१४ पासून त्या जागी डोळा कधी दिसलाच नव्हता.

आता ते दोन डोळे फांदीची नवी सुरुवात होतील अशी योजना आहे. ते पेन्सिलीएवढे जाड होईपर्यंत लांब फांदी तशीच ठेवायची, मग त्यांच्यापुढे खुंट सोडून कापायची. तोवर जानेवारीची काडी-तपासणी. यंदा चारही काड्या सारख्याच ओल्या निघाल्या, आणि डावीकडच्या काडीला अळंबीचा वास होता.